वेशीच्या आतील उपऱ्याचे लेकरू

शास्त्रपाठ : अनुवाद ३१:९-१३, लूक २:४१-५२



मोशे एकशे वीस वर्षांचा झाला होता. यार्देन ओलांडून वचनदत्त देशात जाणे आपल्या वाट्याला नाही, हे त्याला ठाऊक होते. अशा वेळी त्याने नियमशास्त्र लिहून काढले, ते लेवी याजकांच्या व इस्राएलाच्या वडीलजनांच्या स्वाधीन केले आणि त्यांना एक नेम घालून दिला. दर सातव्या वर्षी, म्हणजे कर्जमाफीच्या वर्षी, मांडवांच्या सणात सर्व लोक परमेश्वरासमोर जमतील तेव्हा हे नियमशास्त्र सर्वांच्या कानी पडेल असे वाचावे. कोणी जमावे हेही तो मोघम ठेवीत नाही. पुरुष, स्त्रिया आणि मुलेबाळे यांच्या जोडीला त्याच्या यादीत आणखी एकजण आहे, आणि वाचताना आपली नजर त्याच्यावरून सहज निसटून जाते. तो म्हणजे वेशीच्या आत राहणारा उपरा.

उपऱ्याविषयी शास्त्रात पुष्कळ आज्ञा आहेत. शेताच्या कडेचे पीक त्याच्यासाठी राखावे (लेवीय १९:९-१०). परमेश्वर त्याला अन्नवस्त्र देतो, म्हणून त्याच्या लोकांनीही उपऱ्यावर प्रीती करावी (अनुवाद १०:१८-१९). परंतु आजच्या उताऱ्यात मोशे अन्नवस्त्राच्या एक पाऊल पुढे जातो. उपऱ्यानेही ऐकावे आणि शिकावे, असे तो सांगतो. आणि लगेच पुढच्या वचनात, ज्यांना अजून काही ठाऊक नाही अशा या सर्वांच्या लेकरांची तो आठवण करतो. भाकर कुंपणावरून हात लांबवूनही देता येते. शिक्षण तसे देता येत नाही. ज्याला शिकवायचे त्याला आपल्या लेकरांच्या शेजारी बसवावे लागते. म्हणूनच जगात पुष्कळदा असे घडते की, परक्या लेकराला अन्न मिळते, निवारा मिळतो, आणि शाळेचे दार मात्र त्याच्यासाठी लावलेले राहते.

ही आज्ञा देणारा मोशे कोण होता, हेही ध्यानात घ्यावे. जगण्याचाच हक्क नाकारला गेलेले ते बालक परक्यांच्या घरी वाढले आणि मिसरी लोकांच्या सर्व विद्येत तयार झाले (प्रेषितांची कृत्ये ७:२२). पुढे तो मिद्यानात पळून गेला, तेथे त्याला मुलगा झाला, आणि आपण परदेशात उपरे आहोत या जाणिवेने त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेवले (निर्गम २:२२). उपऱ्याचे लेकरू म्हणजे काय, हे मोशेने स्वतःच्या अंगणात पाहिले होते. शिवाय, नियमशास्त्राच्या वाचनासाठी निवडलेला सण कोणता? मांडवांचा. त्या सात दिवसांत स्वतःचे घर असलेल्या इस्राएलानेही डहाळ्यांच्या मांडवात राहावयाचे होते (लेवीय २३:४२-४३). घरवाला आणि बेघर एकाच प्रकारच्या छपराखाली बसले असता देवाचे वचन वाचले जाई.

आज असे छप्पर डोक्यावर घेऊन जगणारी लेकरे किती आहेत? संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार शाळेत जाण्याच्या वयाची निर्वासित मुले सुमारे १ कोटी ४८ लाख होती, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ७० लाखांवर मुले शाळेबाहेर होती. हे आकडे दूरच्या देशांचे वाटतील; म्हणून आपल्याच देशाच्या पूर्व सीमेकडे पाहू या.

म्यानमार देशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. त्या देशाचा चिन प्रांत आपल्या मिझोरामला लागून आहे, आणि तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. लष्कराच्या कारवाईत गावे ओस पडली. थांतलांग हे नगर २०२१ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत जळाले, आणि जळते घर विझवावयास धावलेल्या एका तरुण बॅप्टिस्ट पाळकाला गोळी घालण्यात आली. हजारो कुटुंबे तियाउ नदी ओलांडून मिझोरामात आली. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या ३० हजारांच्या वर गेली. सीमेवरून कोणासही आत येऊ देऊ नये, अशी सूचना केंद्राकडून मार्च २०२१ मध्येच आली होती. परंतु हे आमचे रक्ताचे नातलग आहेत, असे सांगून मिझोरामच्या राज्य सरकारने, तेथील मंडळ्यांनी आणि तरुण मिझो संघाने त्यांना आसरा दिला.

मिझो लोकांच्या या वागण्यामागे एक आठवण आहे. १९६६ साली त्यांच्याच भूमीत बंडाळी झाली, ऐजॉलवर विमानांतून मारा झाला, आणि १९६७ पासून गावेच्या गावे उठवून एकत्रित वसाहतींत नेण्यात आली. त्या काळी काही मिझो कुटुंबे सीमेपलीकडे आश्रयास गेली होती. शांतता करार होण्यास ३० जून १९८६ उजाडला. तुम्हीही मिसर देशात उपरे होता, हे जे कारण परमेश्वर इस्राएलास पुन्हा पुन्हा सांगतो (लेवीय १९:३४), तेच कारण या डोंगराळ राज्यातील लोकांच्या अंतःकरणात जागे होते. परंतु त्यांनी केवळ तांदूळ आणि ताडपत्री देऊन आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने, सीमेपलीकडून आलेल्या मुलांना शाळांत दाखल करून घ्यावे, असे आपल्या अधिकाऱ्यांना कळविले.

तरीही दार उघडणे आणि लेकरू शिकणे यांत मोठे अंतर असते. मोशेच्या आज्ञेतील तीन क्रिया क्रमाने घेतल्या, तर ते अंतर कोठे कोठे आहे हे आपल्याला दिसेल.

पहिली क्रिया : जमविणे.

शाळेच्या दारातील पहिला अडथळा कागदाचा असतो. जन्माचा दाखला कोठे आहे? मागील शाळेचा दाखला कोठे आहे? आधार कार्ड आहे काय? जे कुटुंब रात्रीच्या रात्री जंगलातून निघाले, त्याच्याजवळ हे कागद कोठून असणार? येथे एक गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, हे खरे. परंतु बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार त्याने १९९२ साली स्वीकारला आहे. आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणाच्या हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाविषयी बोलतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे त्याचे १४ वे कलम सांगते. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून मुलास अडवू नये, असे ५ वे कलम सांगते. मूल वयाने मोठे असेल, तर त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावे व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण द्यावे, असे ४ थे कलम सांगते. रोहिंग्या मुलांच्या प्रकरणातही फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलांनी प्रथम शाळेकडे अर्ज करावा व नकार मिळाल्यास उच्च न्यायालयाकडे जावे, असा मार्ग दाखविला. म्हणजे कायद्याने वेस पुष्कळशी उघडी ठेवली आहे. प्रश्न उरतो तो वेशीवर बसलेल्या माणसाचा. आणि प्रवेशाच्या खिडकीमागे बसलेला तो माणूस कित्येकदा रविवारी आपल्याच शेजारी बसून उपासना करीत असतो.

दुसरी क्रिया : ऐकणे.

वर्गात बसलेल्या लेकराला शिक्षकांचे बोलणे कळत नसेल, तर ते तेथे असूनही तेथे नसते. म्यानमारच्या सरकारी शाळांत बर्मी भाषेतून व बर्मी लिपीतून शिकवितात. चिन लोकांच्या स्वतःच्या बोली अनेक आहेत. त्या मिझो भाषेच्या बहिणी असल्या, तरी एक नव्हेत. अशा मुलाला मिझोरामात मिझो व इंग्रजी पुस्तके हाती घ्यावी लागतात. गणित त्याला येते, पण गणितातील प्रश्न वाचता येत नाही. मग बारा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलांत बसवितात. त्याला लाज वाटते, आणि काही आठवड्यांत ते बाक रिकामे होते. नेहेम्याच्या काळी लेव्यांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही, तर लोकांना समजेल असा त्याचा अर्थ करून सांगितला (नेहेम्या ८:७-८). बंदिवासातून परतलेल्या लोकांना अशा समजावून सांगणाऱ्याची गरज असते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे.

या बाबतीत आपल्या देशाने एकदा चांगला कित्ता घालून दिला आहे. १९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी लोक भारतात आले, तेव्हा त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि १९६१ साली त्या शाळा चालविण्यासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र मंडळ स्थापिले. मुलांनी या देशातील विद्या शिकावी आणि आपली भाषाही विसरू नये, असा त्यामागे हेतू होता. तिबेटी लोकांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यातही आहे. मनात आणले, तर परक्या लेकराची जीभ न कापता त्याला शिकविता येते, याची ही साक्ष होय.

तिसरी क्रिया : शिकून त्याप्रमाणे चालणे.

मोशेला एका दिवसाचे श्रवण नको होते. ते लोकांच्या सर्व आयुष्यात उतरावे, अशी त्याची इच्छा होती. निर्वासित मुलाचे शिक्षण मात्र पुष्कळदा मध्येच तुटते. कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. नंतर नववी-दहावीचा खर्च, परीक्षेच्या अर्जावर मागितलेले कागद, घरातील उपासमार आणि मजुरीची ओढ ही सारी एकदम पुढे येतात. मुलगा बांधकामावर जातो, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरी राहते. आणि शिकलो तरी नोकरी कोण देणार, हा प्रश्न त्यांना आतून पोखरतो.

तामिळनाडूतील श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांनी हे सारे सोसले आहे. १९८३ पासून ते समुद्रमार्गे येऊ लागले आणि राज्यभरच्या छावण्यांत राहिले. मे १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्या झाली, तेव्हा ज्यांचा त्या कृत्याशी काही संबंध नव्हता अशा छावणीतील मुलांच्याही शिक्षणाच्या सवलती काढून घेण्यात आल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने परत मिळाल्या. त्या अंधारात एका गोष्टीने त्यांना तारले. १९८४ साली एस. सी. चंद्रहासन यांच्या पुढाकाराने निर्वासितांनी स्वतःचीच एक संस्था उभारली होती, आणि तिने शिक्षणाला अग्रस्थान दिले होते. छावणीतील शिकलेल्या तरुणांनी छावणीतील लहानग्यांना शिकविले. परत जाऊ तेव्हा हाती काय घेऊन जाऊ, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर एकच होते : शिकलेली मुले.

हे उत्तर आपल्या मराठी मंडळीला नवे नाही. पंडिता रमाबाईंच्या बालपणी त्यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. घर असे नव्हतेच. त्या भटकंतीत आई लक्ष्मीबाईंनी लेकीला संस्कृत शिकविले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आई, वडील आणि बहीण यांना ओढून नेले. रमाबाईंजवळ उरली ती आईने दिलेली विद्या. आणि तिच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्यास त्या पंडिता ठरल्या. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, तेव्हा त्यांना केवळ अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात शाळा निघाली, छापखाना निघाला, हातांना निरनिराळी कामे मिळाली. भाकरीने ते लेकरू आज जगेल, विद्येने ते उद्या उभे राहील, हे त्या माउलीने स्वानुभवाने जाणले होते.

येथे कोणी विचारील, आपल्याच गोरगरिबांच्या मुलांना शाळा पुरत नाहीत. मग परक्यांचा भार कशास? हा प्रश्न निर्दयपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. गरीब घरातील आईबापांच्या तोंडी तो स्वाभाविक आहे. परंतु इतिहास काय सांगतो? फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित मुंबईस आले. त्यांच्यातील प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ साली वांद्र्यास महाविद्यालय उभे केले, आणि तेव्हापासून तेथे मुंबईच्या सर्व समाजांची मुले शिकत आली आहेत. उपऱ्याला जागा दिली म्हणून मुंबईची शाळा आखूड झाली नाही. उलट ती वाढली. दुसरे कोणी म्हणेल, हे लोक येथे राहावेत की नाही, हे सरकारने ठरवावयाचे आहे. खरे आहे, आणि अधिकाऱ्यांना मान देणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु तो निर्णय होईपर्यंत आठ वर्षांचे मूल नऊ वर्षांचे होते, मग दहाचे. त्याची वर्षे कोणत्याही कचेरीत जपून ठेवता येत नाहीत.

बंधुभगिनींनो, या बाबतीत आपल्यावर एक जुने ऋण आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. हॉल, नॉट, न्यूएल, जडसन आणि राइस अशी त्यांची नावे. कलकत्त्यास पोहोचताच कंपनी सरकारने त्यांना निघून जाण्याचा हुकूम केला. हॉल व नॉट कसेबसे मुंबईस आले. तेथेही हद्दपारीची टांगती तलवार पुष्कळ दिवस त्यांच्या डोक्यावर होती. न्यूएल यांनी पत्नीला मॉरिशसच्या मातीत ठेवले, ते सिलोनास गेले आणि शेवटी मुंबईत येऊन मिळाले. राहण्याचा परवाना नसलेल्या या परक्यांच्या मिशनने मराठी मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा उघडली. त्याच मिशनने त्याच वर्षी जाफन्याजवळ उडुविल येथे तमिळ मुलींसाठी शाळा काढली. जडसन म्यानमारला गेले. तेथे सुरू झालेले अमेरिकन बॅप्टिस्ट कार्य शतकाच्या अखेरीस, १८९९ साली, चिन डोंगरांत पोहोचले. म्हणजे मराठी ख्रिस्ती, जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती आणि चिन ख्रिस्ती यांना अक्षराचा प्रसाद एकाच उपासनेतून निघालेल्या मिशनकार्यातून मिळाला. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाटी हाती घेतली, ती कोणा उपऱ्याच्या हातून. आज त्याच पाटीचा वाटा मागत उपऱ्याचे लेकरू वेशीपाशी उभे आहे. आणि ते लेकरू ख्रिस्ती नसेल, रोहिंग्या किंवा अफगाण मुसलमान असेल, तरी आज्ञेत फरक पडत नाही. मोशेने उपऱ्यास बोलाविताना त्याच्यापुढे अट ठेवली नाही. आपणही शिक्षणाच्या मोबदल्यात कोणाचा धर्म मागू नये.

मग आपण काय करावे? दिल्लीपासून चेन्नईपर्यंत आपली मराठी कुटुंबे पसरलेली आहेत. जे शाळांत मुख्याध्यापक वा लेखनिक आहेत, त्यांनी कायद्याची ती कलमे टेबलाच्या काचेखाली ठेवावी. जे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी अशा मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळ शाळेची भाषा शिकवावी. आठवडाभर कुलूपबंद राहणारी मंडळीची खोली त्यासाठी उघडावी. ज्या मंडळ्यांजवळ द्रव्य आहे, त्यांनी नववी-दहावीतील एखाद्या मुलीचा खर्च शेवटपर्यंत उचलावा. अर्ध्यावर सोडलेले दान तिला अधिक दुखविते. आणि आपल्या शब्बाथशाळेतील मुलांना, वर्गात नवीन आलेल्या परक्या मुलाशेजारी बसावयास शिकवावे.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू या. हेरोद त्याचा जीव घेऊ पाहत होता, म्हणून योसेफ व मरीया त्याला घेऊन रात्रीच मिसरात गेले (मत्तय २:१३-१४). तोच बालक बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आहे, प्रश्न विचारीत आहे, असे लूक आपल्याला दाखवितो. पुढे नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथपट हाती येताच तो उलगडून त्यातील लेख त्याने काढला (लूक ४:१६-१७). ज्याच्या हाती तो ग्रंथपट दिला गेला, तो एके काळचा निर्वासित बालक होता, आणि त्याला वाचता येत होते! मंदिरातील गुरुजनांनी, तू कोठून आलास, कोणाचा कोण, असे विचारून त्याला उठवून लाविले नाही. त्यांनी त्याला बसू दिले, त्याचे ऐकले, आणि त्याच्या उत्तरांनी ते थक्क झाले.

आपल्या वेशीच्या आत आलेल्या लेकरांतून उद्या कोण उभा राहील, हे आपल्याला ठाऊक नाही. त्यांना बसावयास जागा देणे एवढेच आपल्याकडे सोपविलेले आहे. नियमशास्त्र देणारा आणि स्वतः उपरा होऊन आपल्यात राहिलेला प्रभू आपल्याला त्यासाठी कृपा देवो. आमेन.